रेझरबॅकची सलग सीट

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. आमच्या रेझरबॅक गाडीची पुढची सीट सलग होती. या दारापासून त्या दारापर्यंत एकच अखंड बाक. मध्ये फट नाही, पेटी नाही, काही नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात चर्चच्या तळघरात म्हटलंय, नगरपालिकेच्या बाईंसमोर म्हटलंय, शेजाऱ्याच्या अंगणात टॉवेल गुंडाळून म्हटलंय आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तर इतक्या वेळा म्हटलंय की फ्रिजलाही पाठ झालं असेल. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मी थांबणार नाही.

माझं नाव क्लेमेन्स रिबिकी. डेट्रॉइटच्या खाली, नदीकाठच्या एल्म रिव्हर गावात आमची हयात गेली. या गावात निम्म्या लोकांनी मोटारी बनवल्या आणि उरलेल्या निम्म्यांनी मोटारी बनवणाऱ्यांना केस कापून, दात काढून, पाणी पुरवून पोट भरलं. मी पाणी पुरवणाऱ्यांतला. पाणीपुरवठा खात्यात बिलांवर माझी सही असे, आणि त्या सहीवर कुणी कधी शंका घेतली नाही. बिलावर घेतली, सहीवर नाही.

तर नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. डोरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, हॉल ठरवला, केक ठरवला, पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, कोण करणार ते ठरवलं, अकॉर्डियनवाला ठरवला आणि मला सांगितलं, "क्लेम, तू फक्त दाढी करून ये." आता, स्वतःच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला माणसाचा वाटा एका दाढीपुरता असावा हे मनाला लागण्यासारखं आहे. मी मनात म्हटलं, थांब. केकशेजारी मी अशी वस्तू ठेवतो की तुझ्या डोळ्यांत पाणी येईल.

ती वस्तू म्हणजे आमची सत्तर सालची हिरवी रेझरबॅक. रेझरबॅक म्हणजे रानडुक्कर. चावी फिरवली की शेजारच्या घरातल्या कपबश्या वाजायच्या, असं तिचं इंजिन. या गाडीत मी डोरीनला मागणी घातली. खरी गाडी कधीच गेली. पण तिचं पंचविसाव्या हिश्श्याचं प्लॅस्टिकचं किट मिळतं, घरी बसून जोडायचं. मी ते मागवलं, गॅरेजमध्ये दार लावून खोका उघडला, आणि पहिल्याच दिवशी हातात आल्या दोन सुट्या खुर्च्या.

हो. चालकाची एक, शेजारणीची एक, आणि मध्ये भिंतीसारखी एक पेटी.

तरुण वाचकांना यात काय बिघडलं ते कळणार नाही, कारण त्यांच्या गाड्यांत सगळीकडे पेट्याच असतात. पण आमच्या वेळी सलग सीट ही नुसती सीट नव्हती. मिशिगनच्या जानेवारीत, हीटर बंद पडलेल्या गाडीत, मुलगी पलीकडच्या दाराला चिकटून बसते की सरकत सरकत तुमच्या खांद्यापर्यंत येते, यावर तुमचं पुढचं सगळं आयुष्य ठरायचं. डोरीन सरकत आली. पेटी असती तर ती सरकली नसती, लग्न झालं नसतं आणि हा हॉल कुणी ठरवलाही नसता. तेव्हा किटमधली ही चूक साधीसुधी नव्हती. माझ्या अख्ख्या संसाराच्या पायावरच तिनं बोट ठेवलं होतं.

मी सीट स्वतः बनवायचं ठरवलं.

पहिला सल्ला आला तो शेजारच्या व्हर्न हापालाकडून. व्हर्न उत्तरेकडचा, मूळ फिनलंडच्या घराण्यातला माणूस. मागच्या अंगणात त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी सॉना, म्हणजे वाफेनं घाम काढायची खोली, बांधलाय, आणि जगातली कुठलीही अडचण घाम काढून किंवा भोकं बुजवायच्या मसाल्यानं सुटते असा त्याचा विश्वास.

"त्यात काय," तो म्हणाला, "दोन खुर्च्यांच्या मध्ये न्हाणीघराच्या फटीत भरतात तो मसाला भर. झाली सलग."

मी भरला. वाळल्यावर ती सीट एखाद्या म्हशीनं कुशीवर लोळण घेतल्यासारखी दिसायला लागली. व्हर्न ती बोटावर घेऊन म्हणाला, "आरामशीर वाटतेय."

"व्हर्न, ही गाडीची सीट आहे."

"मग क्लबात विचार. ओग्डनला कळतं यातलं."

रँडल ओग्डन आमच्या गावचे दंतवैद्य. निवृत्त झाल्यावर त्यांनी दातांची हत्यारं छोट्या गाड्यांकडे वळवली आणि मॉडेल क्लबाचे अध्यक्ष झाले. क्लब चर्चच्या तळघरात भरतो. मी तिथं माझा प्रश्न मांडला तेव्हा डॉक्टर एका गाडीच्या बॉनेटमध्ये दात बघायचा आरसा घालून वाकले होते आणि गाडीच्या मालकाला सांगत होते, "तुमची इंधनाची नळी पंपाच्या डावीकडून गेलीय." तो बिचारा खरंच जबडा धरून उभा होता.

माझं ऐकून त्यांनी मान वर केली. "सलग सीट? हे इंजिन, हाताचे चार गिअर, सत्तर साल? नाही."

"नाही म्हणजे?"

"कारखान्यानं तशी बनवलीच नाही. त्या वर्षी या इंजिनाला सुट्या सीट आणि पेटीच."

"डॉक्टर, मी ती गाडी चालवलीय."

"आठवण आणि पुरावा यांत फरक असतो, मिस्टर रिबिकी."

मी त्यांना सविस्तर सांगितलं. ती गाडी मुळात एका कुत्री पाळणाऱ्या गृहस्थानं खास मागणी करून बनवून घेतली होती, कारण त्याला वेगही हवा होता आणि तीन शिकारी कुत्री पुढे शेजारी बसवायची होती. गाडी आली तेव्हा गृहस्थानं विचार बदलला आणि ती विक्रेत्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडली, म्हणून तर पाणीपुरवठ्यातल्या कारकुनाला परवडली. तळघरातले सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी एक जण म्हणाला, "तीन कुत्री?" आणि हसला. मग सगळेच हसले.

"कुणी साक्षीदार?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "माझी बायको. आणि क्लबाच्या ऑक्टोबरच्या स्पर्धेत ही गाडी सलग सीटसकट तुमच्या टेबलावर असेल."

मी स्पर्धेत उतरेन असं मला घरून निघताना माहीत नव्हतं. अपमान झाला की माणूस नको त्या गोष्टींत उतरतो.

डोरीन बटाटे सोलत होती. आता तिला डोळ्यांत पाणी आणण्याचा बेत बाजूला ठेवावा लागणार होता, कारण साक्षीदाराला खटला कशाचा आहे हे सांगावंच लागतं. मी सगळं सांगितलं. केक, किट, क्लब, कुत्री. ती ऐकताना गोड हसत होती. मग म्हणाली, "किती रे गोड आहेस. पण सीट सुट्या होत्या."

"काय?"

"सुट्या होत्या, क्लेम. मध्ये पेटी होती. मी तिच्यावर पर्स ठेवायचे."

"डोरीन, तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसायचीस."

"पेटीवरून? माझी मान काय जिराफाची होती?"

"पेटी नव्हतीच!"

तिनं सुरी खाली ठेवली. मी माझ्या लढाईच्या भरात पुढे पुढे चाललो होतो आणि आपण कुठे येऊन पोचलोय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"क्लेम," ती सावकाश म्हणाली, "मी बसायचे त्या गाडीला पेटी होती. तुझ्या त्या सलग सीटवर, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून, नक्की कोण बसत होतं?"

माझी बाजू किती कठीण झाली ते बघा. सीट सुट्या होत्या असं मान्य केलं, तर ओग्डन जिंकणार आणि शिवाय कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतली दुसरी मुलगी माझ्या नावावर चढणार. सलग होती असं म्हणत राहिलो, तर त्या दुसऱ्या मुलीचं वर्णन मी स्वतःच दिल्यासारखं होणार. आणि अशी कुणी मुलगी नव्हतीच! माणसानं काही केलं असेल तर तो निदान कबुली तरी देऊ शकतो. न केलेल्याची कबुली द्यायची तर आधी त्या मुलीला नाव शोधावं लागतं.

डोरीननं तिच्या बहिणीला फोन केला. त्या दिवसापासून माझ्या ताटात सकाळचं थंड मांस आणि कालची कोबी येऊ लागली. शुक्रवारी चर्चच्या मासे-बटाट्यांच्या जेवणाला गेलो तर वाढणाऱ्या बाईनं मला शेपटाकडचा तुकडा वाढला आणि वर म्हणाली, "काही लोकांना सलगच लागतं सगळं." खुद्द फादरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "दार नेहमी उघडं आहे" म्हणाले. मी म्हटलं, "फादर, दाराचा प्रश्न नाही, सीटचा आहे." त्यांनी खांदा आणखी दाबला.

व्हर्नचा सल्ला सरळ होता. "कबूल करून टाक."

"काय कबूल करू?"

"काहीही. बायकांना तपशील नको असतो."

"डोरीनला फक्त तपशीलच हवाय, व्हर्न! तिचं नाव काय, केस कुठल्या रंगाचे, राहायची कुठे."

"मग एखादी अशी सांग जी आता कॅनडात असते."

मी असलं काही करणार नव्हतो. मी कामाला लागलो. दोन घटक मिसळून कडक होणारी पुट्टी आणली, तिची पट्टी लाटली, टाचणीनं शिवण ओढली, मधोमध थोडा खड्डाही केला, कारण तिथं डोरीन बसायची. रेडिएटरची जाळी डोरीनच्या पीठ चाळायच्या चाळणीतून कापली. त्याबद्दल जी बोलणी बसली ती सीटच्या मानानं किरकोळ होती. आणि मग गॅरेजमध्ये हिरवा रंग मारायला घेतला. फवाऱ्याचा रंग उग्र असतो हे मान्य. व्हर्नला माझी काळजी वाटली. त्यानं मला न विचारता नगरपालिकेत फोन करून चौकशी केली की शेजारी गॅरेजमध्ये गाडी रंगवतोय, त्याला तोंडावर कुठला मास्क घ्यायला सांगू?

दोन-चार दिवसांनी दारात नगरपालिकेच्या मिसेस टॉलिव्हर उभ्या. हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात ओळखपत्र.

"मिस्टर रिबिकी, राहत्या वस्तीत तुम्ही मोटारी रंगवण्याचा व्यवसाय चालवताय अशी नोंद आहे."

"व्यवसाय नाही. एकच गाडी आहे."

"तुमची स्वतःची?"

"होती."

"होती? म्हणजे आता दुसऱ्याच्या नावावर आहे?" त्यांनी लिहून घेतलं. "नंबरप्लेट?"

"अजून चिकटवायचीय."

त्यांचं पेन थांबलं. मी घाईनं गॅरेजचं दार उघडलं आणि बुटाच्या खोक्यात वाळत ठेवलेली माझी रेझरबॅक दाखवली. बाई खाली वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. हसल्या नाहीत, याचं श्रेय मी त्यांना देतो.

"ही गाडी?"

"हीच."

"मग प्रश्न मिटायला हवा," त्या म्हणाल्या, "पण मिटत नाही. प्रकरण उघडलंय. ते बंद करायचं तर वाहन या आवारातून हलवलं असं मला लिहावं लागेल."

"बाई, ते वाहन माझ्या तळहातावर मावतं!"

"आकाराचा रकाना नाहीये, मिस्टर रिबिकी. तुम्ही ते हलवा, मी हलवलं म्हणून लिहिते, आपण दोघं सुटतो."

मी पाणीपुरवठ्यात असताना लोकांना अशीच उत्तरं देत असे. ती ऐकायला कशी लागतात ते मला प्रथमच कळलं. मी म्हणालो, "हलवणार नाही. हे माझं गॅरेज आहे आणि गाडी माझ्या बायकोची आहे, तिला अजून आठवत नसली तरी." बाई शांतपणे म्हणाल्या की तसं असेल तर सुनावणी लागेल, आणि सुनावणीला घरातले सगळे प्रौढ हजर लागतात. डोरीन, नगरपालिका आणि मी एका खोलीत, विषय गाडी. मी खोका उचलला आणि कुंपण ओलांडून व्हर्नकडे दिला. मिसेस टॉलिव्हर फाटकाशी उभ्या राहून वाहन जाताना बघत होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "सीट अशी सलग असायची या गाड्यांना?"

"असायची!"

"माझे मिस्टर सुट्या म्हणतात," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवारी व्हर्ननं मला सॉनात बोलावलं. घरात कोबी थंड आणि बायको त्याहून थंड, म्हणून मी गेलो. दोघं टॉवेल गुंडाळून बसलो. त्यानं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली. मनावरचं ओझं जरा हलकं झालं. मी डोळे मिटून सहज विचारलं, "खोका कुठे ठेवलास?"

"कोरड्या जागी. रंग नीट वाळत नव्हता, दमट हवा आहे ना. इथंच, वरच्या फळीवर. तुझ्या डोक्यामागे."

मी डोळे उघडले.

खोक्यातलं दृश्य मी थोडक्यात सांगतो. छप्पर सीटवर झोपलं होतं. बॉनेट चमच्यासारखं वळलं होतं. चाकं बाहेर पसरली होती, जणू गाडी पोटावर पडून सुस्कारा सोडतेय. मी बोटं घालून छप्पर उचललं आणि त्याखाली सीट दिसली. जशीच्या तशी. पुट्टीची होती ना! कारखान्याचं प्लॅस्टिक वितळलं, माझी सीट वितळली नाही.

मी तसाच बाहेर अंगणात धावलो, एक हात टॉवेलला, दुसऱ्या हातात सीट उंच धरलेली, आणि ओरडलो, "सलग आहे! सलगच आहे!"

कुंपणापलीकडे डोरीन आणि माझी मेव्हणी कपडे वाळत घालत होत्या. मेव्हणीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बहिणीला म्हणाली, "या माणसावर कुणी दुसरी भाळली असेल असं तुला खरंच वाटतं?"

दुसरं किट मागवलं. सीट तीच बसवायची होती, सॉनातून तावून निघालेली. ते जोडत असताना ऑगस्ट आला, आणि ऑगस्टात आमच्या भागात सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर येतात. बाजारपेठेच्या वाहनतळावर लोक बॉनेट उघडून घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. व्हर्न धापा टाकत बातमी घेऊन आला. "तिथं एक रेझरबॅक आहे. सत्तरची. खरीखुरी. मालक आत बसूही देतो."

मी डोरीनसमोर जाऊन उभा राहिलो. "चल. आत बसून बघ. शरीराला आठवतं."

"माझ्या शरीराला चांगलं आठवतंय. चल."

गाडी लाल होती. मालक खुर्चीत हॉट डॉग खात होता. आणि गाडीपाशी भिंग घेऊन कोण, तर डॉक्टर ओग्डन. आत सुट्या सीट होत्या, मध्ये पेटी. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि आपल्या दवाखान्याचं दार उघडावं तसं हसून बाजूला झाले. मी आधी बघून यायला हवं होतं. पण व्हर्न "रेझरबॅक" म्हणाला होता. कुठली सीट, ते त्याला बघायचं सुचलं नव्हतं.

"बसू का?" डोरीननं मालकाला विचारलं. त्यानं मोहरी लागलेल्या हातानं "बसा" केलं. तिनं दार उघडलं, विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं, एका हातानं दाराचा आधार घेतला आणि दुसऱ्या हातानं पायांतले बूट काढले. दोन्ही. ते जुळवून बाहेर जमिनीवर ठेवले, मग आत बसली.

"हे बघ!" ती म्हणाली. "ही पेटी. ही माझी पर्स. बरोबर इथं. आता बोल."

"डोरीन," मी म्हटलं, "बूट का काढलेस?"

"म्हणजे? काढावेच लागायचे. आत चिखल येतो."

"माझ्या गाडीत तू मोहरी लावलेले सॉसेज खायचीस. एकदा लोणच्याची बरणी सांडलीस. मी तुला कधी बूट काढायला सांगितले?"

"तू नाही, तो—" आणि ती थांबली.

डॉक्टरांनी भिंग खिशात ठेवलं. मालकानं चावणं थांबवलं.

"तो कोण?" मी विचारलं.

डोरीननं दोन्ही हात पेटीवर ठेवले होते. ती लाल झाली, गाडीइतकी. "ड्युएन," ती म्हणाली. "ड्युएन फिस्टर. त्याची लाल होती. अरे देवा, क्लेम. त्याची लाल होती."

ड्युएन फिस्टर! फर्निचरच्या दुकानवाल्या फिस्टरचा मुलगा, ज्याच्याबद्दल मला इतकी वर्षं सांगण्यात आलं होतं की तो फक्त भावाचा मित्र होता आणि एकदा पावसातून घरी सोडायला आला होता! एकदा पर्स ठेवणारी बाई "ठेवायचे" म्हणत नाही. मी जिंकलो होतो. सगळ्यांसमोर, पूर्णपणे, निर्विवाद जिंकलो होतो, आणि जिंकल्यावर छाती फुगते म्हणतात तिथं मला काहीतरी टोचत होतं.

"किती दिवस?" मी विचारलं. आवाज पाणीपुरवठ्यातला आला.

"तुझ्या आधीचा एक उन्हाळा."

"आणि पन्नास वर्षं तुला त्याची गाडी आठवतेय. माझी नाही."

ती बाहेर आली, माझ्यासमोर अनवाणी उभी राहिली. तिचा चेहरा मला नीट माहीत आहे. हसू दाबताना तिच्या हनुवटीला खळी पडते. ती पडली होती आणि डोळेही भरले होते.

"क्लेम, ड्युएनच्या गाडीत बघायला गाडीच होती," ती म्हणाली. "तो दुसरं काही बघू द्यायचाच नाही. हे घड्याळ बघ, ही शिवण बघ, इथं हात लावू नको. तुझ्या गाडीत मी गाडीकडे कधी पाहिलं तर आठवेल ना!"

बोलण्यासारखं होतं ते सगळं त्या वर्षी मी सीटबद्दल बोलून संपवलं होतं. मी वाकून तिचे बूट उचलून दिले. डॉक्टर ओग्डन घसा साफ करून म्हणाले, "तसं पाहिलं तर यातून सलग सीट सिद्ध होत नाही. उलट सुट्या सीटचीच एक नोंद वाढली."

डोरीननं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला आमच्या लग्नाची पहिली वर्षं आठवली.

त्या दिवसापासून कोबी गरम यायला लागली. मेव्हणीला फोन कुणी केला नाही. तिला व्हर्नकडून कळलं. आणि गॅरेजमध्ये मी एकटा राहिलो नाही. डोरीन स्टुलावर बसून सूचना द्यायची. "हिरवा आणखी गडद होता. आणि गिअरचा दांडा आणखी मागे वाकव. अजून. हं, तिथं."

ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर गाड्या मांडल्या गेल्या. मी माझी 'कारखान्यातून आली तशी' या गटात ठेवली. डॉक्टर आरसा घेऊन एकेक गाडी तपासत आले. माझ्या गाडीत त्यांनी आरसा घातला, इंजिनाच्या तारा पाहिल्या, चाळणीची जाळी पाहिली, दोनदा "सुंदर" म्हणाले. मग सीट पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"मिस्टर रिबिकी, काम अव्वल आहे. मला तुमचं नुकसान करायचं नाही. ही गाडी आपण 'काल्पनिक' गटात हलवू. तिथं पहिलं बक्षीस तुमचंच, मी आत्ताच सांगतो."

काल्पनिक गट पलीकडच्या टेबलावर होता. तिथं एका गाडीला पंख होते, एकीतून ज्वाळा निघत होत्या आणि एक शार्कच्या आकाराची होती.

"नाही," मी म्हटलं.

"इथं तुम्ही शेवटचे याल."

"येऊ द्या."

डॉक्टरांनी मदतीच्या अपेक्षेनं डोरीनकडे पाहिलं. ती पुढे झाली. हॉलमधले लोक जवळ सरकले. मासे वाढणाऱ्या बाईही होत्या, मिसेस टॉलिव्हर त्यांच्या मिस्टरांना घेऊन आल्या होत्या.

"डॉक्टर," डोरीन म्हणाली, "दुसरा गिअर टाकला की दांडा मागे यायचा आणि माझ्या डाव्या गुडघ्याला लागायचा. दर वेळी. पलीकडच्या दाराशी बसलेल्या बाईच्या गुडघ्याला लागेल का तो?"

"मिसेस रिबिकी, पण—"

"मग तिसरा टाकायला गुडघा हलवावा लागायचा. मी हलवायचे नाही. म्हणून आम्ही पार टोलेडो शहरापर्यंत दुसऱ्यावर गेलो."

"टोलेडोपर्यंत दुसऱ्यावर!" मागून व्हर्न कळवळला. "ते इंजिन!"

"ही साक्ष झाली, बाई," डॉक्टर कळकळीनं म्हणाले. "पुरावा नव्हे. पुस्तकात तशी गाडी नाही."

"तुम्ही माझी अक्कलदाढ काढलीत, डॉक्टर. मी दुखतंय म्हणाले तेव्हा माझं ऐकलंत, की आधी पुस्तकात बघितलंत?"

हॉल हसला. मासे वाढणाऱ्या बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत आणि बदललेही नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यासाठी मला ते थोडे आवडले. त्यांनी वाकून गुण लिहिले, प्रामाणिकपणे, त्यांच्या पुस्तकाप्रमाणे. आमची रेझरबॅक गटात शेवटची आली. पंख असलेल्या गाडीला कप मिळाला.

"पुढच्या महिन्यात ही आमच्या केकशेजारी असणार आहे," डोरीननं डॉक्टरांना सांगितलं. "तुम्हाला आमंत्रण आहे. आरसा घरी ठेवून या."

आम्ही बाहेर आलो, मागोमाग व्हर्नही आला. वारा सुटला होता, पानं वाहनतळभर पळत होती. आमची हल्लीची गाडी बरी आहे, समजूतदार आहे, तिचा हीटर चालतो. मी नेहमीसारखं चालकाचं दार उघडलं. डोरीन तिच्या दाराशी आली, आत वाकली, दोन सीटच्या मधल्या पेटीकडे तिनं क्षणभर पाहिलं आणि दार पुन्हा लावून टाकलं. मग मागचं दार उघडून आत शिरली आणि बरोबर मधोमध बसली.

"व्हर्न," ती काच खाली करून म्हणाली, "गाडी तू चालव."

व्हर्नच्या हातात चावी देऊन मी मागे गेलो. हॉलच्या दारात डॉक्टर ओग्डन पेट्या आवरता आवरता बघत उभे होते. बघू देत. व्हर्ननं गाडी सुरू केली, आरशात आमच्याकडे पाहिलं आणि कुरकुरला, "कुणीतरी एक पुढे या की. टॅक्सीवाला झाल्यासारखं वाटतंय मला."

आम्ही कुणीही पुढे गेलो नाही.